स्वमग्न मुलांचे शिक्षक व्हायचंय? वाशिमहून पदव्युत्तर शिक्षणाची वाट

बी.ए. झालं, बी.एड. झालं, आता पुढं काय, असा प्रश्न घेऊन दर उन्हाळ्यात काही मुली आणि त्यांचे अब्बा आमच्याकडं येतात. कुणाला एम.ए. उर्दू करायचं असतं, कुणाला एम.एड., तर कुणी टीईटीच्या तयारीत अडकलेलं असतं. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आणि विशेष शिक्षण या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं का, असं मात्र आजवर फारसं कुणी विचारलेलं नाही. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांत या विषयाच्या माणसांची गरज आहे, म्हणून ही माहिती एकत्र करून देत आहोत.

आधी आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात तिसरीत एक मुलगा होता. हाक मारली तर वळून बघायचा नाही, पंख्याकडं मात्र तासभर बघत राहायचा. घंटा झाली की दोन्ही कान झाकून बाकाखाली जायचा. एसटीच्या पाट्या सगळ्या तोंडपाठ, अकोला, पुसद, हिंगोली, नांदेड, त्याही वेळेसकट. आम्ही त्याला हट्टी समजलो. दोनदा त्याच्या अम्मीला बोलावून "घरात लाड जरा कमी करा" असं सांगितलं. ती बिचारी मान खाली घालून ऐकून गेली. घरी नातेवाईक म्हणत होते, "भोला है, बड़ा होके ठीक हो जाएगा." पुढं नागपूरला तपासणी झाली आणि ऑटिझम असल्याचं कळलं, तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. आमचं बी.एड. जुन्या, एका वर्षाच्या अभ्यासक्रमाचं. त्यात या विषयावर अर्धं पान असेल-नसेल. आता बी.एड. दोन वर्षांचं झालंय आणि त्यात समावेशक शाळेवर वेगळा विषय आहे. पण एका विषयानं शिक्षक तयार होत नाही, हेही खरं.

स्वमग्नता म्हणजे काय, थोडक्यात

१९४३ मध्ये अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हापासून हे नाव वैद्यकात रुळलं. हा मेंदूच्या विकासातला फरक आहे. तो जन्मापासून असतो. आईबापांच्या वागण्यानं, नजर लागल्यानं किंवा लस दिल्यानं तो होत नाही. संवाद आणि लोकांत मिसळणं वेगळ्या तऱ्हेचं असतं, काही गोष्टी पुन्हा पुन्हा कराव्याशा वाटतात, आवाज-उजेड-स्पर्श काहींना फार लागतो तर काहींना लागतच नाही. एक मूल बोलतच नाही, दुसरं इतकं बोलतं की थांबत नाही, म्हणून 'स्पेक्ट्रम' हा शब्द वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अकरा लाख ९७ हजार होती. तोच हिशोब इथं लावला तर आकडा नऊ हजारांच्या वर जातो. हा नुसता गुणाकार-भागाकार आहे, मोजणी नाही. २०११ च्या जनगणनेत दिव्यांगत्वाच्या प्रकारांत ऑटिझमचा वेगळा रकानाच नव्हता. एवढी मुलं-माणसं आपल्या आजूबाजूला असतील तर ती वर्गात का दिसत नाहीत? काही घरीच आहेत, आणि काही आमच्या त्या विद्यार्थ्यासारखी 'हट्टी' म्हणून शेवटच्या बाकावर बसली आहेत.

दुआ करावी, जरूर करावी. मंगरूळपीरला हजरत दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यावर जाणाऱ्या आयांना आम्ही कधी अडवलेलं नाही. पण तपासणी त्याच महिन्यात करून घ्या, एवढंच सांगतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येतात आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत ऑटिझम आहे. पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयामार्फत होते. वाशिमला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आलं आहे.

कायद्यानं काय बदललं

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यांपैकी एक. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. म्हणजे "आमच्याकडं अशा मुलांची सोय नाही" असं म्हणून शाळा हात झटकू शकत नाही. सोय करणं हेच तिचं काम आहे.

पण सोय करणार कोण? इथंच विशेष शिक्षकाचा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीशकुमार पांडे खटल्यात विशेष शिक्षकांच्या प्रमाणाबद्दल निकाल दिला. त्यानंतर केंद्रानं २०२२ मध्ये सर्वसाधारण शाळांसाठी प्रमाण ठरवलं. प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि उच्च प्राथमिकला १५ मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं राज्यांना पुन्हा बजावलं की मंजूर पदं जाहीर करा आणि भरती करा. आपल्या राज्यात २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं केंद्र पातळीवर ४,८६० विशेष शिक्षकांची पदं निर्माण करायला मान्यता दिली. कागदावरचं पद आणि वर्गात उभा असलेला शिक्षक यांत किती अंतर असतं ते आपल्याला माहीत आहे. तरी जागा आहेत, आणि त्यांवर बसायला पात्र माणूस लागतो.

पात्र म्हणजे कोण? इथंच लोक फसतात

डॉक्टरांची जशी परिषद असते तशी या क्षेत्राची भारतीय पुनर्वास परिषद आहे, बोलताना सगळे 'आरसीआय' म्हणतात. तिचा कायदा १९९२ चा. परिषदेनं मान्यता दिलेला अभ्यासक्रम पूर्ण केला की नाव केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत जातं आणि नोंदणी क्रमांक मिळतो. हा क्रमांक नसताना विशेष शिक्षक म्हणून काम केलं तर कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाचा आकडा वाचून हसू येतं. पण नोकरीच्या अर्जात पहिल्यांदा हाच क्रमांक विचारतात.

आम्ही स्वतः यात पैसे घालवले आहेत. त्या मुलाचं कळल्यावर मनाला लागलं होतं. मोबाईलवर एक जाहिरात दिसली, 'ऑटिझम व समावेशक शिक्षणातील पदव्युत्तर डिप्लोमा, सहा महिने, घरबसल्या'. फी भरली, व्हिडिओ पाहिले, सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र पोस्टानं आलं. नंतर कळलं की आरसीआयच्या यादीत त्या अभ्यासक्रमाचं नावच नाही. चार गोष्टी शिकलो हे कबूल. पण त्या कागदावर विशेष शिक्षकाची नोकरी मिळत नाही आणि नोंदणीही होत नाही. संस्थेचं नाव घेत नाही, कारण अशी एकच नाही.

म्हणून 'पदव्युत्तर' हा शब्द ऐकून भुलू नका. आधी नोंदणीची वाट धरा, पदव्युत्तर त्यावर उभं करा.

वाट कशी आहे

बारावीनंतर विशेष शिक्षणाचा डी.एड. आहे, दोन वर्षांचा. पदवीनंतर विशेष शिक्षणाचं बी.एड. हे पदवीइतक्याच वजनाचं, आणि दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार वेगवेगळं असतं : श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, ऑटिझम. ज्या प्रकारात बी.एड. कराल त्याच प्रकारात पुढं विशेष एम.एड. करता येतं. म्हणून बी.एड.ला प्रवेश घेतानाच विचार करावा लागतो. 'जिथं जागा मिळाली तिथं' हा आपला नेहमीचा हिशोब इथं महागात पडतो. राज्याच्या सीईटी कक्षाची बी.एड. प्रवेश परीक्षा सर्वसाधारण आणि विशेष अशा दोन्ही बी.एड.साठी असते.

आता आमच्यासारख्यांचं, म्हणजे ज्यांचं साधं बी.एड. आधीच झालंय त्यांचं. साध्या बी.एड.वरून थेट विशेष एम.एड.ला जाता येत नाही. सोबत त्या प्रकारातला आरसीआयमान्य विशेष शिक्षणाचा डिप्लोमा लागतो, नाहीतर विशेष बी.एड. वेगळं करावं लागतं. ऐकायला जड वाटतं, आणि जड आहेच. नोकरीत असलेल्यांना मुक्त विद्यापीठाचा आधार आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानं दूरशिक्षणातून विशेष बी.एड. चालवलेलं आहे. यातही प्रत्यक्ष वर्गातला सराव आणि संपर्क सत्रं चुकवता येत नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

एक बदल लक्षात ठेवायला हवा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर, जानेवारी २०२४ मध्ये परिषदेनं दोन वर्षांच्या विशेष बी.एड.ऐवजी चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाकडं जायचं परिपत्रक काढलं. त्यामुळं मोठ्या बहिणीनं ज्या रस्त्यानं केलं तोच रस्ता धाकटीला उघडा असेल असं धरून चालू नका. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षाची मान्यता-यादी परिषदेच्या संकेतस्थळावर बघा, संस्थेच्या माहितीपुस्तकावर विसंबू नका.

विशेष एम.एड. दोन वर्षांचं, चार सत्रांचं. त्यात काय शिकवतात? मुलाचं मूल्यमापन, त्याच्यासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, अभ्यासक्रमात बदल, वर्तनामागचं कारण शोधणं, संशोधनपद्धती आणि शेवटी शोधप्रबंध. ऑटिझमच्या संदर्भात काही नावं वारंवार कानावर येतील. टीच ही अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातून आलेली पद्धत. दिवसाचं काम चित्रांच्या पट्टीनं मुलापुढं मांडणं हा तिचा गाभा. पेक्स म्हणजे बोलू न शकणाऱ्या मुलानं चित्र हातात देऊन मागणं. आपल्याकडं निदान आणि प्रमाणपत्रासाठी आयएसएए ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे आहेत. ७० च्या आत गुण आले तर ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यावर तीव्र. निदान डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ करतात, पण हे आकडे घेऊन उद्या सकाळी वर्गात काय करायचं हे शिक्षकाला ठरवावं लागतं. एम.एड. त्यासाठीच असतं.

फक्त ऑटिझमचं विशेष एम.एड. देणाऱ्या जागा देशातच थोड्या आहेत. बहुतेक जण बौद्धिक अक्षमतेच्या शाखेत एम.एड. करतात आणि शोधप्रबंध ऑटिझमवर घेतात. हा व्यवहारी मार्ग आहे, त्यात कमीपणा नाही.

कुठं जायचं

वाशिमच्या माणसाला मुंबई-पुणे आधी सुचतं. आम्ही म्हणू, आधी दक्षिणेकडं बघा. सिकंदराबादला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्था आहे, १९८४ मध्ये स्थापन झालेली, केंद्र सरकारची. या विषयातलं देशातलं हे मोठं नाव. तिथं विशेष एम.एड. आहे आणि वाशिम स्टेशनवरून पूर्णामार्गे काचीगुड्याला थेट गाडी जाते. हैदराबादेत उर्दूचं वातावरण आहे, बोली आपल्याला परकी वाटत नाही, अनेकांचे नातेवाईकही आहेत. मुलीला एकटं पाठवायला कचरणाऱ्या घरांसाठी ही गोष्ट लहान नाही. याच संस्थेचं प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे.

मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग आहे, विशेष बी.एड. आणि एम.एड. दोन्ही. महिलांचंच विद्यापीठ असल्यानं काही अब्बांचा होकार लवकर मिळतो, हे आम्ही पाहिलंय. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. ती मुख्यतः श्रवणदोषासाठी. जाता जाता सांगतो, ज्यांच्या नावानं ही संस्था आहे ते नवाब अली यावर जंग महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि त्याआधी उस्मानिया आणि अलीगढ या दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरू. दिल्लीत जामिया मिल्लियात विशेष शिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत. चेन्नईजवळ मुट्टुकाडुला बहुदिव्यांगत्वाची राष्ट्रीय संस्था आहे. नागपूरला केंद्र सरकारचं संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे. पदव्युत्तरसाठी नसलं तरी काम बघायला आणि मुलाची तपासणी करायला समृद्धी महामार्गानं आता ते जवळ आलंय.

पदवीपलीकडं हात बसण्यासाठी दोन नावं. दिल्लीची अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम, १९९१ मध्ये मेरी बरुआ यांनी उभी केली. त्या स्वतः एका स्वमग्न मुलाच्या आई. आणि मुंबईची उम्मीद, डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये सुरू केली. तिथं विकासात्मक उपचारांचं प्रशिक्षण मिळतं.

परदेशाचंही विचारतात, विशेषतः ज्यांचे भाऊ आखातात आहेत ते. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात ऑटिझमवर पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत, दूरशिक्षणातूनही. अभ्यास उत्तम. पण परदेशी पदवी हातात आली म्हणून भारतात नोंदणी आपोआप होत नाही. इथं नोकरी करायची असेल तर आरसीआयकडं आधी विचारा, पौंड नंतर भरा.

भाषेचा प्रश्न

हा मुद्दा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या घरात उर्दू बोलतात, तीही वऱ्हाडीत मिसळलेली. गल्लीत मराठी, शाळेत उर्दू किंवा मराठी, मदरशात अरबी अक्षरं आणि डॉक्टरांकडं हिंदी-इंग्रजी. स्वमग्न मूल उशिरा बोलायला लागलं की बरेच जण सांगतात, "घरात एकच भाषा ठेवा, उर्दू बंद करा." आमच्या त्या विद्यार्थ्याच्या अम्मीला हेच सांगितलं होतं. ती मराठीत अडखळते. मग ती मुलाशी बोलायचीच कमी झाली. संशोधन याच्या उलट सांगतं : दोन भाषा ऐकल्यानं स्वमग्न मुलाचं बोलणं आणखी मागं पडतं असं दिसलेलं नाही. आईनं तिला सहज येणाऱ्या भाषेत बोलावं, भरपूर बोलावं.

हे तिला तिच्या भाषेत समजावून सांगणारा माणूस जिल्ह्यात हवा. उर्दू, मराठी दोन्ही येणारी, मोहल्ल्यात जाऊन अम्मी-दादींशी बसून बोलू शकणारी विशेष शिक्षिका. चित्रांच्या पट्टीवर उर्दूत 'वुज़ू', 'मदरसा', 'खाला का घर' लिहिणारी. हे काम करायला आपल्या दुभाषिक मुली तयारच आहेत, त्यांना फक्त नोंदणी क्रमांक आणि शिक्षण हवंय. पदव्युत्तरच्या शोधप्रबंधासाठीही हा विषय घेण्यासारखा आहे : उर्दू बोलणाऱ्या घरातल्या स्वमग्न मुलांचं शाळेतलं संवाद-शिक्षण.

पैसा आणि नोकरी

सरकारी संस्थांची फी खासगीपेक्षा पुष्कळ कमी असते, खर्च राहण्याचा आणि जेवणाचा. शैक्षणिक कर्जासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. पीएच.डी.साठी जिचं नाव अजून लोक घेतात ती मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली आहे, तिच्या भरवशावर बसू नका. ज्या विद्यार्थ्याला स्वतःला दिव्यांगत्व आहे त्याला सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सूट कायद्यानं आहे.

नोकरीबद्दल खोटी आशा दाखवत नाही. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक अनेक वर्षं कंत्राटावर, मानधनावर राबले. विशेष शाळांत जागा निघतात पण रोज निघत नाहीत. एम.एड.नंतर विशेष शिक्षकांना शिकवणाऱ्या महाविद्यालयांत अध्यापक होता येतं. आधीच शाळेत असलेल्यांना पगारवाढ लगेच मिळेल असंही नाही.

ज्यांना एवढं लांब जाणं जमणार नाही त्या शिक्षकांनी निदान एनसीईआरटीची 'प्रशस्त' ही तपासणी-यादी वापरायला शिकावं. २०२२ मध्ये आलेल्या या यादीत २१ प्रकारांची लक्षणं वर्गशिक्षकाला कळतील अशी दिली आहेत. ती निदान करत नाही, पण कुणाला पुढं पाठवायचं ते सांगते. आमच्याकडं ती त्या वेळी असती तर अम्मीला लाडाबद्दल बोलायला बोलावलं नसतं. दहावीच्या परीक्षेत स्वमग्न विद्यार्थ्याला जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. त्यासाठी प्रमाणपत्र आणि शाळेचा अर्ज वेळेत मंडळाकडं जायला हवा. युडीआयडी कार्ड नसेल तर आठवीतच काढून घ्या.

प्रवेशाला निघताना : पदवी आणि बी.एड.च्या गुणपत्रिका, आधीचा विशेष डिप्लोमा असेल तर त्याचा आरसीआय क्रमांक, अल्पसंख्याक असल्याचं स्वघोषणापत्र, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र जवळ ठेवा. संस्थेला फोन लावला की फी विचारायच्या आधी तीन गोष्टी विचारा : हा अभ्यासक्रम आरसीआयच्या चालू वर्षाच्या यादीत आहे का, कोणत्या दिव्यांगत्व-प्रकारात आहे, आणि सराव कुठल्या शाळेत करावा लागतो. उत्तर गोलमोल आलं तर फोन ठेवा. आमचा तो विद्यार्थी आता आठवीत आहे. त्याला नवीन एसटीचं वेळापत्रक विचारलं तर अजून चुकत नाही.